घराण्याची हनुवटी

"प्लास्टरबाई, हे ताजं माप. लहान मुलगी आहे, दोनदा ओकारी काढली हो तिनं. लगेच ओता," म्हणत नर्सने गुलाबी लगद्याने भरलेला ट्रे ओट्यावर ठेवला आणि ती पुढच्या पेशंटकडे पळाली.

प्लास्टरबाईंनी चिठ्ठी वाचलीच नाही. दातांच्या या दवाखान्याच्या मागच्या खोलीत पाच वर्षं त्या मापांमध्ये प्लास्टर ओतून जबडे काढत होत्या. त्यांना चेहरे लक्षात राहत नसत, जबडे राहत. रस्त्यात एखादं पोर हसलं, की 'हा आपला पावसाळ्यातला वरचा जबडा' म्हणून त्यांना ओळख पटायची. पोराच्या आईला मात्र ही बाई आपल्या मुलाच्या तोंडात का बघते ते कळायचं नाही.

हे माप तर घरचंच होतं. टाळू खोल, वरचा जबडा चिंचोळा, डावा सुळा जरासा वळलेला. हा सुळा रोज त्यांच्यासमोर बसून जेवायचा. ठकी. धाकट्या जावेची सात वर्षांची मुलगी.

"पोचली म्हणायची इथवर," बाई स्वतःशीच म्हणाल्या.

खालचे दात वरच्यांच्या पुढे आणि हनुवटी त्याहून पुढे, हे सासऱ्यांकडून आलेलं. "आमच्या घराण्याची हनुवटी आहे ही! माणूस शब्दाचा पक्का असल्याची खूण," असं सासरे सांगायचे, आणि सांगताना ती आणखी पुढे काढायचे. बाईंची लेक, मोठी, तीच हनुवटी घेऊन आली. बाईंना ही नोकरी लागली तेव्हा मोठी चौदाची होती. पहिल्याच आठवड्यात त्यांनी तिला डॉक्टरीणबाईंना दाखवलं.

"सात-आठ वर्षांची असताना आणायला हवी होती," डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. "तेव्हा हाड ऐकतं. वरचा जबडा रुंद करून पुढे घेता आला असता. आता वाढ पुरी झाली की ऑपरेशनच."

वाढ पुरी झाली. मोठीने ऑपरेशनला साफ नकार दिला. हसताना तोंडावर हात धरायची सवय तिला लागली होती, ती तिने तशीच ठेवली.

ठकीचाही चावा तसाच उलटा पडतोय हे बाईंना वर्षभरापूर्वीच दिसलं होतं. जेवताना शेजारी बसून त्या बघत होत्या आणि गप्प होत्या. 'कुणी विचारलं तर सांगेन की,' अशी मनाची समजूत. विचारणार कोण? कुणाला काय माहीत होतं?

जावेच्या पदरात काय काय पडलं, याची यादी बाईंना तोंडपाठ होती. खिडकीची खोली तिला. बाळंतपणात उशापायथ्याशी बसायला सासूबाई तिला. बाईंच्या वेळी सासूबाई स्वतःच अंथरुणाला खिळलेल्या. सकाळचा चहा करून देणारा नवरा तिला. एवढं सगळं मिळालेलीला डॉक्टरही वेळेवर मिळावा?

लगदा उघडा राहिला की आक्रसतो, हे बाईंइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. माप आलं की ओलं फडकं घालायचं आणि दहा मिनिटांत ओतायचं. फडकं हाताशीच होतं. बाईंनी ट्रे उचलून खिडकीतल्या उन्हात ठेवला आणि हात धुतले. त्या मापावर बनवलेला, जबडा रुंद करायचा स्क्रू ठकीच्या टाळूला बसणार नव्हता. जाऊ उतावळी, एकदा हेलपाटा पडला की कंटाळणार. सासरे म्हणणार, मी सांगत नव्हतो? आणि वर्षं काय, भरभर जातात.

त्या बाहेर आल्या. जाऊ बाकावर बसली होती. तिच्या मांडीवर ठकी मुसमुसत होती.

"अगंबाई, तू इथे? मला सांगायचं तरी," बाई म्हणाल्या.

"सांगणार होते हो ताई, पण मामंजींच्या कानावर गेलं असतं तर घरात रामायण झालं असतं. घराण्याची हनुवटी ना!" जाऊ हसली. "डॉक्टर म्हणाल्या, अगदी वेळेवर आणलीत."

"तुला कुणी सुचवलं?"

"कुणी म्हणजे? मोठीनं. महिनाभर भुणभुण लावली होती माझ्यामागे. म्हणाली, काकू, हिला आत्ताच ने, नंतर उपयोग नाही. मी म्हटलं, तुझी आई तिथेच आहे, तिला विचारते. तर म्हणते, आईला नको विचारूस. तिला माझं आठवतं, मग ती दिवसभर जेवत नाही."

ठकीने नाक वर ओढलं.

"काकू, ते गुलाबी फार घाण लागतं."

बाई वळून आत गेल्या. माप कडेने सुटलं होतं. बोटाने दाबलं तर चामड्यासारखं लागलं. यात प्लास्टर ओतता आलं असतं. नाव लिहून फळीवर ठेवताही आलं असतं. त्यांनी ते कचऱ्याच्या डब्यात टाकलं आणि डॉक्टरीणबाईंसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"माप पुन्हा घ्यावं लागेल."

"का? चांगलं आलं होतं."

"उघडं राहिलं. माझ्याकडून."

"तुमच्याकडून?" डॉक्टरीणबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. पाच वर्षांत असं झालं नव्हतं.

"माझ्याकडून," बाई पुन्हा म्हणाल्या.

दुसऱ्या मापाच्या वेळी ठकीने बाईंचा अंगठा असा आवळला, की नखाचा वण दोन दिवस राहिला.

पंधरा दिवसांनी ठकीच्या टाळूला स्क्रू बसला. भोकात बारीक किल्ली घालून तो घरीच रोज एकदा फिरवायचा, पुढून मागे, दुसरं भोक दिसेपर्यंत. पहिल्या संध्याकाळी जावेने किल्ली हातात घेतली मात्र, आणि लगेच बाईंपुढे धरली.

"ताई, तुम्हीच करा बाई. माझ्याच्यानं नाही व्हायचं."

शेजारच्या खोलीतून सासऱ्यांनी विचारलं, "काय चाललंय तिकडे?"

"काही नाही, मामंजी!" जाऊ म्हणाली, आणि आवाज खाली आणून पुढे म्हणाली, "शब्दाचा पक्केपणा थोडा मागे सारतोय."

मोठी मोबाइलचा उजेड धरून बसली होती. दुसऱ्या हाताने तिने ठकीची हनुवटी वर उचलून धरली होती. ठकीला गुदगुल्या झाल्या. आ वासलेल्या तोंडानेच ती खिदळली, आणि तिच्याबरोबर मोठीही हसली. मोठीचे दोन्ही हात गुंतलेले होते, तोंडावर धरायला एकही मोकळा नव्हता.

"आई, भोक दिसलं का?" मोठीने विचारलं.

बाईंनी लेकीच्या तोंडावरची नजर काढून किल्लीकडे वळवली.

"थांब," त्या म्हणाल्या, "उजेड हलवू नकोस."