निम्म्यानिम्म्या गोळ्या

नवीन जालन्यातल्या त्या दवाखान्यात एक यंत्र अंगदच्या मेंदूला हाका मारीत असे. डोक्याशी धरलेल्या वेटोळ्यातून टक् असा आवाज निघे आणि आत काही जागे असले, तर उजवा अंगठा उडे. लकवा मारल्यापासून तो हात परक्याच्या सामानासारखा मांडीवर पडून होता. आष्टीच्या शिवारात, बीजोत्पादनाच्या प्लॉटवर, संकरित बियाण्यासाठी कपाशीची कळी सोलायला अंगठ्याचे नखच लागते. अंगदचे पोट त्या नखावर होते.

मेंदूची निजलेली बाजू जागवणाऱ्या एका औषधाची चाचणी चालली होती. "काहींना खरी गोळी, काहींना नुसती पिठाची. कोणाला कोणती, ते मलाही ठाऊक नाही," असे डॉक्टर मोनिका यांनी प्रारंभीच सांगितले होते.

तेव्हापासून अंगदला चैन नव्हते. मंठ्याहून येणाऱ्या रखमाजीची, त्याच्यासारख्याच रुग्णाची, तीच तगमग. मग बियाण्याचा भरवसा नसला की शेजारी जे करतात, ते दोघांनी दवाखान्याच्या बाकावर बसून केले. दोन्ही बाटल्या एकत्र ओतल्या. सारख्याच दिसणाऱ्या गोळ्या निम्म्यानिम्म्या वाटून घेतल्या. कोणाचेच रान अगदी मोकळे राहायला नको.

आज अंगठा टुणकन उडाला. "बराच फरक आहे," डॉक्टर म्हणाल्या. अंगदच्या छातीत कपाशी फुटली.

तोच दारातून त्याच्या बायकोचा, वंदनाचा आवाज आला. "बाई, जल्दी या. रखमाजीभाऊंचं तोंड वाकडं ओढून राह्यलंय."

रखमाजीला आत आणून निजवले. गालाचे झटके इंजेक्शनने हळूहळू ओसरले. डॉक्टरांनी फोन उचलला. "चाचणीची यादी पुण्याला असते. तिथं विचारते, यांना कोणती गोळी होती. पिठाची असेल, तर कारण दुसरीकडे शोधावं लागेल."

रखमाजीने पडल्या पडल्या अंगदकडे डोळे वटारले. बोललास तर गोळी गेली, असे ते डोळे म्हणत होते. अंगदने आपल्या अंगठ्याकडे पाहिले. नुकताच कुठे तो घरी परतत होता.

"बाई, तिकडून बराबर उत्तर येणार न्हाई," तो म्हणाला. "आम्ही गोळ्या मिसळल्यात."

"कधीपासून?"

"पहिल्या बाटलीपासून."

डॉक्टरांनी नंबर फिरवला. फोनवर त्यांनी दोघांचेही चाचणीतले क्रमांक सांगितले, आणि वळून म्हणाल्या, "दोघांच्याही गोळ्या आजपासून बंद."

"मंग ह्यांचा हात?" वंदनाने विचारले.

अंगदने अंगठ्याला हुकूम दिला. हुकूम आतून निघाल्याचे त्याला कळले. पोचल्याचे मात्र कळले नाही.

"अंगद्या," खाटेवरून रखमाजी जडशा जिभेने म्हणाला, "तुझ्या तोंडाला कुलूपच न्हाई गड्या. ये, उशी सरळ कर."

अंगद उठला आणि डाव्या हाताने उशी ओढू लागला.