भिंतीला आलेलं पोट

मी बागेच्या उतारावरची दगडी भिंत बोलतेय. जरा लांबूनच ऐका. घाबरवत नाही, पण माझ्या पायथ्याशी बसू नका.

मूळची मी इथली नाही. डोंगरमाथ्यावर पडका किल्ला दिसतो ना, त्याच्या बुरुजात माझे दगड होते. बुरूज ढासळला तेव्हा आम्ही गडगडत निम्म्या उतारावर येऊन पडलो. त्यामुळे पडणं काय असतं ते मला चांगलं ठाऊक आहे. आधी पोट पुढे येतं. मग आत करकर सुरू होते. त्यानंतर पळायलाही वेळ मिळत नाही.

पुढे खालच्या गावांतल्या गवंड्यांनी तेच दगड रचून मला उभं केलं. डोंगरातलं पाणी झिरपून जावं म्हणून ठिकठिकाणी भोकं ठेवली. माझ्या आधाराने वर नासपतीची बाग वाढली. पोरं माझ्यावर बसून फळं खायची, बायका ओल्या चादरी वाळत टाकायच्या. खरंच सुखात होते मी.

मग किल्ला बघायला माणसं येऊ लागली. त्यांच्यासाठी किल्ल्यावरचं कोरडं पडलेलं तळं दुरुस्त करून काठोकाठ भरलं. बागेच्या मालकानेही हौसेने पाहुण्यांसाठी खोली बांधली, तीही मलाच मागची भिंत करून. तळं पाझरायला लागलं तशी माझी भोकं ठिबकू लागली आणि गाद्यांना ओल आली. मालकाने सगळी भोकं सिमेंटने बुजवली, वर पांढरा रंग दिला. माणूस वाईट नाही हो, पण टापटिपीचं फार वेड.

तेव्हापासून पाणी माझ्या पाठीशी साठतंय.

परवा त्याची बायको खोली झाडताना थबकली. "अहो, भिंतीला पोट आलंय."

"वय झालं तिचं. मला नाही का आलं?"

"हसू नका. कपाट पुढे ढकललं गेलंय. दार उघडलं की पलंगाला लागतं."

"मग पलंग सरकव."

तिने पलंग सरकवला नाही. छिन्नी आणून माझं एक भोक मोकळं केलं. गढूळ पाण्याची चिळकांडी उडाली. काय बरं वाटलं म्हणून सांगू! तेवढ्यात तो आलाच.

"अगं, पाहुणे यायचेत आणि तू चिखल करून ठेवलास?" त्याने लगेच भोक पुन्हा बुजवलं, डाग पुसून काढले.

आज सकाळपासून माझ्या आत करकर सुरू झालीय. मालकाची बायको दारात उभी आहे.

"ऐका माझं. आज इथे कुणाला उतरवू नका."

"काहीतरीच तुझं," म्हणत तो पलंगावर धुतलेली चादर घालतोय. पाहुण्यांची गाडी खालच्या वळणावर आलीय. खिडकीतून दोन लहान मुली किल्ल्याकडे बोट दाखवतायत.

जेवढं धरवतंय तेवढं मी धरून ठेवलंय. माझं बोलणं त्याला ऐकू येत नाही, ते मी समजू शकते. पण अरे, ती तर तुझ्याच भाषेत सांगतेय ना!