शेंदरी दाराचे फायदे-तोटे

घराचं काम काढायला मान-सोक एका शब्दात तयार झाला, तिथंच ह्ये-रानच्या मनात पाल चुकचुकली. अडतीस वर्षांच्या संसारात हा माणूस साधा मुळा आणण्यावरूनही वाद घातल्याशिवाय राहिला नव्हता. जन्मभर कोरियातल्या देगू शहराच्या रस्त्यांवर बस चालवली, निवृत्त झाला, आणि तेव्हापासून घरातल्या प्रत्येक खिळ्याला त्याची परवानगी लागायची. भिंतींचा कागद पिवळा पडला, स्वयंपाकघरातल्या कपाटांची दारं लोंबायला लागली, तरी त्याचं आपलं एकच पालुपद, ‘चाललंय की.’ आणि यंदा फेब्रुवारीत तोच माणूस जेवता जेवता म्हणाला की घर जरा नीट करून घेऊ या.

ह्ये-रानला काय हवं ते पंधरा वर्षं तिच्या डोक्यात तयार होतं. अकराव्या मजल्यावरची त्यांची बाल्कनी बैठकीत घ्यायची, म्हणजे खोली ऐसपैस होते. भिंती पांढऱ्या. स्वयंपाकघरात छतापर्यंत बंद कपाटं, आतला पसारा कोणाला दिसायला नको. मुलगी सो-जोंग लग्न होऊन इंचनला राहते, तिच्या घरी असंच आहे. तिथून परत आलं की ह्ये-रानला स्वतःचं घर बोगद्यासारखं वाटायचं. मरायच्या आधी एकदा तरी आपल्या मनासारख्या घरात राहायचं, एवढीच तिची मागणी होती, आणि ती काही फार मोठी नव्हती.

पण ठेकेदार मापं घ्यायला आला तेव्हा मान-सोकनं खिशातून घडी घातलेला कागद काढला. त्यात सगळं उलटंच होतं. बाल्कनी तोडायची नाही, उलट तिच्या दाराला अगदी वर कडी बसवायची. स्वयंपाकघरात कपाटांना दारंच नकोत, नुसत्या उघड्या फळ्या. गॅस काढून विजेची शेगडी, तीही आपोआप बंद होणारी. न्हाणीघराचा उंबरा उडवायचा आणि भिंतीला धरायला दांडी लावायची. मागच्या छोट्या खोलीत किमचीचा, म्हणजे कोबीच्या लोणच्याचा, फ्रीज आणि जुनी पांघरुणं होती, ती रिकामी करून तिथल्या जमिनीखालच्या गरम पाण्याच्या नळ्या बदलायच्या. आणि न्हाणीघराचं दार शेंदरी रंगवायचं.

ठेकेदारानं दोनदा विचारलं, शेंदरीच ना? मान-सोक दोनदा हो म्हणाला. बिचाऱ्यानं बाकी सगळं वहीत उतरवून घेतलं, तेवढा रंग मात्र लिहिला नाही. लिहिला तर खरं होईल अशी भीती वाटली असावी त्याला.

ह्ये-रान काही आदळआपट करणाऱ्यांतली नव्हती. तिनं सो-जोंगची शाळेतली अर्धी कोरी वही काढली, पानाच्या मधोमध रेघ मारली, एका बाजूला फायदे आणि दुसऱ्या बाजूला तोटे लिहायला बसली. आणि खरं सांगायचं तर तिनं न्यायानं लिहिलं. बाल्कनी तोडली तर उजेड येतो, पण हिवाळ्यात भिंतींना घाम फुटतो आणि कोपऱ्यांत काळी बुरशी धरते, हे तिनं स्वतःच तोट्यांत घातलं. नवव्या मजल्यावरच्यांनी तोडली आणि आता ते घरात कोट घालून बसतात. शिवाय कपडे कुठं वाळवायचे, सोया सॉसचे तीन रांजण कुठं ठेवायचे, तेही होतंच. म्हणजे बाल्कनीच्या बाबतीत नवऱ्याचं थोडं तरी बरोबर होतं. उघड्या फळ्यांचा फायदा मात्र तिला काही केल्या सापडेना. धूळ बसते, तेलाचा थर चढतो आणि येणारी प्रत्येक बाई तुमचे वाडगे मोजून जाते. शेंदरी दारासमोर फायद्याच्या रकान्यात तिनं ‘काही नाही’ असं लिहिलं आणि खाली रेघ ओढली.

पान भरल्यावर तिनं ते लांब धरून पाहिलं आणि तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. उंबरा नको, धरायला दांडी हवी, जमिनीला ऊब हवी, वस्तू नजरेसमोर हव्यात. हे घर कोणाच्या तरी मापानं शिवलं जात होतं, आणि ते माप तिचं नव्हतं. माप म्हाताऱ्या माणसाचं होतं. वन्संचं.

वन्सं म्हणजे मान-सोकची थोरली बहीण गुम-रे. दक्षिणेला नामहे बेटावर राहायची, चुलाणावर उकळलेले मासे वाळवून विकायची, आणि चौऱ्याहत्तराव्या वर्षीही पाठीवर गोणी घेऊन चढ चढायची. गेल्या साली नवरा गेला, तेव्हापासून एकटी होती. ह्ये-रानच्या लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात सगळं गाव किमची घालायला जमलेलं असताना या वन्संनी कोबीचं एक पान तोंडात टाकलं होतं आणि चौघींत म्हणाल्या होत्या, “मिठाला हात नाही हिचा.” अडतीस वर्षं झाली त्याला. त्या दिवशी वन्संनी कोणत्या रंगाचे मोजे घातले होते तेही ह्ये-राननं सांगितलं असतं.

एकदा संशय आला की पुरावे चालत येतात. मान-सोक बाल्कनीत जाऊन, दार ओढून घेऊन फोनवर बोलायचा. एकदा तिनं काचेला कान लावला तर शब्द आले, “ताई, एप्रिलपर्यंत खोली होते.” घराच्या मुख्य दाराला आकड्यांचं कुलूप होतं, सो-जोंगच्या वाढदिवसाचे चार आकडे, ते काढून बोट टेकवलं की उघडणारं कुलूप घ्यायचं म्हणे. म्हणजे वन्संना आकडे लक्षात ठेवण्याचा त्रास नको.

त्याहून वाईट म्हणजे तो तिला वेंधळी ठरवू पाहत होता. सुपाचा डाव चपलांच्या कपाटात सापडला. तिनं तो तिथं कशाला ठेवला असता? पातेलं करपून कोळसा झालं, तेव्हा ती बाल्कनीत दोन मिनिटं कपडे वाळत घालत होती, आणि हा शांतपणे म्हणाला, “असू दे, विसरलीस.” विसरली म्हणे! जो माणूस गॅसवरून इतकी वर्षं भांडला तो ‘असू दे’ म्हणतो, तेव्हा कुठंतरी पाणी मुरतंय हे समजायला फार हुशारी लागत नाही. हिला घर सांभाळता येत नाही असं एकदा ठरलं की थोरल्या बहिणीला आणून बसवायला रस्ता मोकळा.

तिनं सो-जोंगला फोन करून सगळं सांगितलं. मुलगी एवढंच म्हणाली की आई, बाबा म्हणतात तसं होऊ दे. आवाज सर्दी झाल्यासारखा होता. पोटची पोरही बापानं फितवली, हे ह्ये-रानला फार लागलं. जेवताना तिनं मान-सोकला सरळच विचारलं, वन्सं इथं राहायला येणार आहेत का. तेव्हा सिगारेट सोडून सात वर्षं झालेला माणूस सिगारेट ओढून येतो म्हणून खाली गेला.

आता काम थांबवायचं तर एकच वाट होती. त्यांच्या इमारतीत हातोडा चालवायचा तर निम्म्या बिऱ्हाडांच्या सह्या लागतात. कागद घेऊन दारोदार जायचं, आवाजाबद्दल आधीच माफी मागायची, आणि प्रत्येकाच्या हातात महापालिकेच्या कचऱ्याच्या पिशव्यांचा एक गठ्ठा ठेवायचा, कारण त्या पिशव्या विकतच घ्याव्या लागतात आणि कोणालाही नकोशा होत नाहीत. ह्ये-राननं ठरवलं की आपण आधी जायचं आणि सही करू नका म्हणून सांगायचं. सही मागायला गेलं काय नि नको म्हणायला गेलं काय, रिकाम्या हातानं जाणं बरं नव्हे. तिनं पिशव्या आणल्या, विणकामातली तांबडी लोकर घेतली आणि गठ्ठ्याला आईनं शिकवलेली दुहेरी गाठ मारली. ती गाठ ओढून सुटत नाही, उलट्या बाजूनं ढकलावी लागते. सासरच्या कोणालाही ती कधी जमली नाही.

पहिलं घर अर्थातच खालचं, दहाव्या मजल्यावरचं. हातोड्याचा खरा त्रास त्यांच्याच डोक्यावर. तिथं जिन-उची आई राहायची, वीस वर्षांची ओळख. तिनं दार उघडलं, गठ्ठा दोन्ही हातांनी घेतला आणि ह्ये-रान दारातच बोलायला लागणार तोच म्हणाली, “आत या ना, सो-जोंगच्या आई. बसून बोलू.”

तिनं सातूचा चहा केला. ह्ये-राननं पहिल्यापासून सगळं सांगितलं. बाल्कनी, फळ्या, उंबरा, छोटी खोली, फोन आणि ते दार. मिठाचंही सांगितलं. जिन-उची आई पेला हातात फिरवत ऐकत राहिली. शेंदरी रंगाला ती हसली नाही. वन्संचं नाव आलं तेव्हा कोण वन्सं म्हणून विचारलं नाही. ह्ये-रान बोलता बोलता थांबली. हिला हे सगळं आधीच ठाऊक होतं.

“हे येऊन गेले ना तुमच्याकडं?” तिनं विचारलं.

“आले होते. फेब्रुवारीत.”

“आणि तुम्ही सही केलीत?”

“केली. सगळ्यांनीच केली.”

ह्ये-रान उठली. पुढं एक शब्द बोलायची तिची इच्छा नव्हती. सगळी इमारतच फितूर, तर इथं बसून चहा कसला प्यायचा? चपला घालायला ती वाकली आणि चपलांच्या कपाटाच्या टोकाला तिची नजर गेली. तिथं पिशव्यांचे तीन गठ्ठे एकावर एक ठेवले होते. तिन्हींना तांबडी लोकर होती.

पहिल्यांदा तिला वाटलं, तिची लोकर नवऱ्यानं चोरली. मग तिनं हात लावून पाहिलं. गाठ दुहेरी होती. तिन्हींची.

“हे कोणी आणले?”

जिन-उची आई तिच्या शेजारी खाली बसली. “एक सोमवारी. एक परवा. एक काल. परत द्यायचं मनात होतं, पण धीर झाला नाही.”

“मी काल काय म्हणाले?”

“हेच.”

“मिठाचंसुद्धा?”

“मिठाचंसुद्धा.”

“मग तुम्ही काय केलंत?”

“चहा केला,” जिन-उची आई म्हणाली.

ह्ये-रान लिफ्टनं गेली नाही. एक मजला चढायला तिनं कठड्याला धरून बराच वेळ घेतला. गेला आठवडाभर ती ज्याच्यावर डोळा ठेवून होती तो माणूस मनातून बाजूला झाला होता, आणि त्या जागी जे उभं होतं त्याच्याकडं बघायची तिला भीती वाटत होती. दारासमोर ती थांबली. चार आकडे आठवले. आज आठवले.

मान-सोक स्वयंपाकघरात जमिनीवर वर्तमानपत्र पसरून वाळक्या माशांची डोकी खुडत बसला होता. मासे नामहेहून आले होते. ती त्याच्यासमोर बसली, चार मासे आपल्याकडं ओढले आणि खुडायला लागली.

“वन्सं कोणासाठी येतायत?” ती म्हणाली.

त्याचा हात थांबला. “तुझ्यासाठी.”

तो माशांकडं बघतच बोलत गेला. जानेवारीत दोघं इस्पितळात गेली होती. डॉक्टरांनी तिला कागदावर घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं होतं, शब्द पाठ म्हणायला सांगितले होते. उघड्या फळ्या त्यांनीच सुचवल्या, वस्तू दिसली की सापडते म्हणे. रंगीत दार ध्यानात राहतं. ती दोनदा न्हाणीघर समजून बाल्कनीच्या दाराशी जाऊन उभी राहिली होती, अकराव्या मजल्यावर. त्याला एकट्याला जमेना, म्हणून त्यानं बहिणीला फोन केला. घर बंद करून येते म्हणायला तिनं एक दिवसही लावला नाही.

“मला का नाही सांगितलंत?”

“सांगितलं,” मान-सोक म्हणाला. “दोनदा सांगितलं. दोन्ही वेळा तू पहिल्यांदा ऐकल्यासारखी रडलीस. तिसऱ्यांदा माझ्यानं होईना, गं.”

जन्मात कधी हरलो असं न म्हणालेला माणूस ते म्हणाला आणि पुन्हा डोकी खुडायला लागला. ह्ये-रान रडली नाही. रडली असती तर त्याच्या वाट्याला ती तिसरी वेळ आली असती. तिनं हात पुसले, वही आणली, शेंदरी दारासमोरचं ‘काही नाही’ खोडलं. आणि ठसठशीत अक्षरांत लिहिलं: ‘दुखणं माझं आहे. वन्सं माझ्यासाठी येणार आहेत. ह्यांना पुन्हा विचारायचं नाही.’

वही तिनं त्याच्याकडं वळवली. त्यानं वाचलं, आणि चष्मा काढून बराच वेळ सदऱ्याला पुसला.

“फळ्या उघड्याच करा,” ती म्हणाली. “पण पहिली फळी माझ्या डोळ्यांसमोर यायला हवी. वही तिथं राहील.”

“बरं.”

“आणि मिठाच्या बरणीला वन्संचा हात लागता कामा नये.”

“सांगतो ताईला.”

“सांगू नका, लिहून ठेवा. मी विसरेन,” ह्ये-रान म्हणाली आणि पेन त्याच्यापुढं सरकवलं. माशांनी माखलेले हात धोतरासारख्या घोळदार पायजम्याला पुसून मान-सोकनं तिच्या अक्षराखाली ते लिहिलं.