अर्ध्या वाक्याची बातमी

मी रेकॉर्डर बोलतोय. खरं तर बोलणं माझं काम नव्हे. ऐकायचं आणि ऐकलं तसंच परत सांगायचं, एवढ्यासाठीच मला घडवलं.

कारखान्यातल्या एका बाईंनी माझ्यात माइक बसवला आणि "हॅलो, हॅलो" म्हणून स्वतःशीच हसल्या. मी ऐकलेला तो पहिला आवाज. काही महिने दुकानात काचेआड काढले आणि मग एका पेपरच्या कोर्ट-वार्ताहर बाईंनी मला घेतलं. ऑफिसात त्यांना सगळे ताई म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. त्यांच्या पर्समध्ये चाव्यांच्या जुडग्याशेजारी माझी जागा. एकदा कोर्टाच्या पायऱ्यांवरून गडगडलो, तेव्हापासून झाकण रबरबँडनं बांधलेलं असतं. कान मात्र शाबूत!

माझा लाल दिवा लागला की माणसं गमतीशीर वागतात. पोट आत घेतात, आवाज जड करतात.

एक वकीलबाई मात्र होत्या तशाच राहिल्या. उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशपदासाठी वरिष्ठ न्यायाधीशांनी त्यांचं नाव सुचवलं होतं आणि सरकारनं ते मान्य केलं होतं. नेमणूक अजून व्हायची होती आणि शहरभर एकच चर्चा, ही बाई नक्की कुणाच्या बाजूची? ताई त्यांच्या घरी गेल्या. दुसऱ्या पेपरचे वार्ताहरही होते.

वकीलबाई म्हणाल्या, "सरकार चुकलं तर सरकारविरुद्ध निकाल देईन, आणि सरकारचं बरोबर असलं तर सरकारच्या बाजूनं." मग चष्मा पुसत त्यांनी विचारलं, "हे वाक्य अख्खं छापाल ना?"

"छापू की!" ताई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईंच्या घरी जुंपली. सासरे आमचा पेपर वाचतात, सरकारवर सदा डाफरणारा. सासूबाई दुसरा वाचतात, सरकारची तळी उचलणारा.

"बघ काय म्हणतेय! सरकारच्या बाजूनं निकाल देईन म्हणे. लाज सोडली अगदी!" सासरे कडाडले.

"डोळे तपासून घ्या तुम्ही. सरकारविरुद्ध निकाल देईन, असं म्हणाल्यात. काय धीराची बाई! आणि तिला सरकारनंच हो म्हटलंय!"

"अगं, हे बघ, छापलंय!"

"मग माझ्याकडे काय हातानं लिहिलंय?"

ताईंनी मला टेबलावर ठेवलं आणि बटण दाबलं. दोघांनी वाक्य ऐकलं. पेपर हळूहळू खाली आले.

"बातमीवर नाव तुझं आहे ना गं?" सासूबाईंनी विचारलं.

ताईंनी चहा तसाच सोडला आणि ऑफिस गाठलं.

"जागा कमी पडली," संपादकसाहेब म्हणाले.

"पाच-सहा शब्दांची, साहेब? शेजारी चार कॉलमांचा फोटो आहे!"

"आपल्या वाचकांना काय आवडतं, ते तुम्हालाही ठाऊक आहे."

"अख्खं वाक्य पहिल्या पानावर येऊ दे. नाहीतर यापुढे कोर्टाच्या बातमीवर माझं नाव नको."

ताईंचा आवाज ठाम होता.  त्यांनी माझं बटण दाबलं. वाक्य कापणारे उपसंपादक छताचा पंखा न्याहाळू लागले. शेवटचं "छापू की!" साहेबांनी पुन्हा लावायला सांगितलं.

"फार खात्रीनं म्हणालात हो," ते पुटपुटले.

"आपल्या पेपरची खात्री होती, साहेब."

 मग साहेबांनी पहिल्या पानावरची एक चौकट रिकामी करायला सांगितली. दुसऱ्या दिवशी तिथे अख्खं वाक्य आलं आणि खाली एक ओळ: 'काल आम्ही अर्धंच छापलं. चूक आमची.' काही वाचक रागावले. सासरे दिवसभर धुसफुसले, पण कात्रण त्यांनीच जपून ठेवलं.

वकीलबाई न्यायाधीश झाल्या. पहिल्याच महिन्यात एक निकाल सरकारविरुद्ध दिला, एक सरकारच्या बाजूनं. आमच्या पेपरनं दोन्ही छापले, एक पहिल्या पानावर आणि दुसरा सातव्या. सवयी हळूहळूच सुटतात.

आता ताई मोबाइलवरच मुलाखती घेतात. मी सासूबाईंच्या ताब्यात आहे. "उद्या गच्ची झाडतो, असं काल कोण म्हणालं होतं?" असं विचारून त्या बटण दाबतात आणि सासरे गुपचूप झाडू शोधतात.

पेपर वाचून तुम्ही कुणावर चिडलात, तर आधी एवढंच विचारा, "पुढे काय म्हणाले?" आणि जमलं तर मला दोन नवे सेल द्या. सासऱ्यांची गच्चीबद्दलची कारणं अजून संपलेली नाहीत.