असरच्या अजानआधी

नायरा घसरतो, एवढंच वापा बाजाराला ठाऊक होतं. डॉलरला ऐंशी नायरे पडायचे तेव्हा नायजेरियातल्या कानोच्या या चलनबाजारात तनिमूचे वडील डॉलर घेण्या-विकण्याच्या बाकावर बसायचे. पुढे दीडशे झाले, चारशे झाले, हजाराच्याही वर गेले, तोवर बाकावर तनिमू आला होता. आज घेतलेला डॉलर उद्या महागच विकला जाणार, हे त्याच्या अंगात मुरलं होतं. बाजारात सगळेच तसे शहाणे होते.

म्हणून त्या सकाळी हाजिया लराबाने भाव विचारला, तेव्हा त्याने बेधडक साडेअठराशे सांगितला. तिच्याकडे चार हजार डॉलर होते, जेद्दाहच्या मुलाने पोटाला चिमटा घेऊन पाठवलेले. ती राहायची ते घर मालकाने विकायला काढलं होतं आणि ते तिलाच घ्यायचं होतं. डॉलर मात्र एक नोट सोडून सगळे रानो गावी बहिणीकडे होते. ती शंभर डॉलरची नोट तिने बयाणा म्हणून तनिमूला दिली. वापात चिठ्ठीचपाटी लागत नाही. नोट घेतली की असरच्या, म्हणजे दुपार उतरतानाच्या नमाजाच्या अजानपर्यंत भाव बांधला गेला, अजाननंतर दोघंही मोकळे.

ती बाकीचे आणायला रानोला गेली आणि लागोसहून फोन यायला लागले. डॉलर पडत होता. आधी कोणाचा विश्वास बसेना. मग अठराशे, सतराशे, बघता बघता सोळाशे. लोक डॉलर विकायला धावत सुटले आणि घ्यायला कोणी पुढे येईना. तनिमूच्या तोंडचं पाणी पळालं. साडेअठराशेने चार हजार घेतले तर सरळ दहा लाख नायरे पाण्यात. आणि त्याच पैशांतून पुढच्या महिन्यात लेकीची, सादातूची खोली भरायची होती. लेकीच्या सासरच्या खोलीतला पलंग, कपाट, भांडी बापाने द्यायची असतात. लग्नाचे पैसे त्याने धंद्यात घातले होते, कारण डॉलर चढणारच होता ना!

शेजारच्या बाकावरचा गाम्बो जवळ सरकला. "नोट शंभराचीच आहे ना? मग शंभर डॉलरचाच भाव बांधला होता म्हण. म्हातारी काय करणार आहे?"

"तिने चार हजार सांगितले होते. तूही ऐकलंस."

"मी? मला तर आज काहीच ऐकू येत नाही," गाम्बो म्हणाला.

तनिमूने वाडग्यातला बाजरी-दुधाचा फुरा तसाच बाजूला सारला. रानोची बस बंद पडावी, असं त्याच्या मनात आलं आणि त्याची त्यालाच लाज वाटली. तरी नजर बाजाराच्या फाटकावरून हटेना. सावल्या लांबल्या. अजान आता होणारच होती.

तेवढ्यात फाटकापाशी तीनचाकी थांबली. हाजिया लराबा उतरली आणि पिशवी छातीशी धरून गर्दीतून वाट काढू लागली. तनिमूने तिला स्वच्छ पाहिलं. मग तो उठला, पाठ फिरवली आणि भराभर मशिदीच्या नळाकडे नमाजाआधीचे हातपाय धुवायला, वजू करायला गेला. त्याचा हात पाण्याखाली होता तेव्हा अजान सुरू झाली.

नमाजात त्याचं लक्ष लागलं नाही.

परत आला तेव्हा ती त्याच्या बाकाशी उभी होती. चेहरा उतरलेला. रस्त्यात बसचं टायर फुटलं, ती म्हणाली. भाव पडल्याचंही तिला कळलं होतं.

"अजान झाली मालम. उशीर माझा, तुमच्यावर बोल नाही. आजच्या भावाने घ्या. घराचं मी बघते काहीतरी."

गाम्बोने नजरेने खुणावलं, घे. तनिमूला क्षणभर हलकं वाटलं, आणि त्या हलकेपणाचीच त्याला किळस आली.

"हाजिया, तुम्ही फाटकात होतात तेव्हा अजान व्हायची होती," तो म्हणाला. "मी पाहिलं तुम्हाला. पाहूनच उठलो."

तिने पिशवी बाकावर ठेवली. त्याने डॉलर मोजून घेतले आणि साडेअठराशेच्या भावाने नायऱ्यांची पुडक्यांवर पुडकी तिच्यापुढे मांडली. गाम्बोने तोंड फिरवलं.

ती गेल्यावर बायकोचा, झुलाईचा फोन आला. सुतार दारात बसलाय, त्याला काय सांगू, असं ती विचारत होती.

"पलंग तेवढा करायला सांग," तनिमू म्हणाला. "कपाट राहू दे. आणि सादातूला फोन दे, तिला मीच सांगतो."