पाच फूट तीन इंच

तिला गल्लीत सगळे टाचणी म्हणत आणि तिला त्याचं काही वाटत नसे. उंची जेमतेम पाच फूट, जीभ टोकदार आणि दिवसातले निम्मे तास ओठांत दोन-चार टाचण्या धरलेल्या. पस्तीस वर्षं ती बायकांचे कपडे शिवत आली होती. तिच्या नवऱ्याला बॉडीवाला म्हणत, कारण जन्मभर त्याने ट्रकच्या बॉड्या बांधल्या: लाकडी सांगाडा, त्यावर पत्रा, मागे उघडमीट करायचा फाळका. स्वतःची बॉडी मात्र सहा फूट एक इंच उंच आणि अंगावर मूठभर मांस. दोघं शेजारी उभी राहिली की बघणाऱ्याला हसू आवरत नसे. पहिला विनोद बहुतेक वेळा टाचणीच करायची.

त्यांच्या घरामागच्या अंगणात चार लाकडी घोड्यांवर एक पेटारा उभा होता. पेटारा म्हणजे छोट्या ट्रकच्या पाठीवर चढवायचं घर. आत झोपायची जागा, शेगडी, घडीचं टेबल, दोन खिडक्या आणि मागे दार. कुणीतरी तो दुरुस्तीला म्हणून कारखान्यात आणून टाकला आणि पुन्हा तोंड दाखवलं नाही. जागा अडते म्हणून मालकाने तो बॉडीवाल्याच्या गळ्यात मारला. तेव्हा यांचं नवंनवं लग्न झालेलं. यात बसून भटकायचं, वाटेल तिथे थांबायचं, असं दोघांनी ठरवलं. मग लेक झाली, तिची शाळा आली, तिचं लग्न आलं, सासूबाईंचं आजारपण आलं. दर वर्षी ‘पुढच्या वर्षी’ म्हणता म्हणता दोघं साठी ओलांडून गेली आणि पेटाऱ्यात मांजरींची किती बाळंतपणं झाली त्याची गणतीच राहिली नाही.

या वर्षी एके दिवशी बॉडीवाला एकटाच दवाखान्यात जाऊन आला. गोळ्यांची पिशवी टेबलावर ठेवून म्हणाला, “छातीत पाणी झालंय थोडं. गोळ्यांनी जाईल.” आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हातोडी घेऊन पेटाऱ्याचे पत्रे काढायला बसला. टाचणीचा जीव भांड्यात पडला. ज्याला काही मोठं दुखणं आहे तो माणूस कशाला असल्या फंदात पडेल?

प्रत्येक पत्र्यावर खडूने आकडा घालून त्याने ते भिंतीला ओळीने लावून ठेवले. आतला सांगाडा मात्र छपराच्या गळतीने कामातून गेला होता. कोपऱ्यातलं लाकूड चहात बुडवलेल्या बिस्किटासारखं हातात येई. त्याने सगळा सांगाडा नवा केला, खिळे न मारता, सांधे कोरून. छपराचे सांधे बुजवून त्यावर बादल्या बादल्या पाणी ओतलं आणि आत टाचणीला उभं करून विचारलं, “थेंब पडतोय का?”

“पडला तर माझ्याच डोक्यावर पडणार, म्हणून मला उभं केलंय ना?”

“तुझं डोकं लांब आहे छपरापासून. खाली येईपर्यंत वाळून जाईल.”

आतली मांडणीही त्याने बदलली. जुन्या पेटाऱ्यात बिछाना वर होता, ट्रक चालवणाऱ्याच्या डोक्यावर पुढे आलेल्या भागात, आणि तिथे शिडीने चढावं लागे. ते त्याने काढून टाकलं. वर सामान ठेवायचं, झोपायचं खाली. “शिडी चढायचं वय आहे का आता?” एवढंच त्याने सांगितलं. ओटा केला तो नेमका टाचणीच्या कोपराखाली येईल असा. खुंट्या ठोकल्या त्या तिचा हात सहज पोचेल तिथे. टाचणी हरखून गेली आणि हरखली की ती भांडते, तशी भांडली. “स्वयंपाकघरातली वरची फळी खाली आणा म्हणून तीस वर्षं घसा कोरडा केला मी. आणि आत्ता सुचतंय होय?” तो हसला. ओट्यावरच्या कपाटाला त्याचं डोकं दोनदा आपटलं. तरी त्याने ते वर घेतलं नाही.

आणखी एक खूळ त्याच्या डोक्यात शिरलं होतं. पेटारा चढवायला म्हणून त्याने एक जुना छोटा ट्रक घेतला होता, आणि रोज सकाळी तो तिला मोकळ्या मैदानात नेऊन तो चालवायला शिकवू लागला. सीटवर दोन उशा ठेवल्यावर तिला काचेतून रस्ता दिसे.

“मी कशाला शिकू? तुम्ही आहात ना चालवायला.”

“मला झोप लागली तर?”

तिने एकदा फाटकाचा खांब पाडला, दोनदा मैदानातच रडकुंडीला आली, पण तीन महिन्यांत शिकली. तोवर त्याचा खोकला वाढला होता. रंधा दोन हात मारला की तो स्टुलावर बसे आणि पुढच्या दोन हातांना वेळ लागे. टाचणीला ते दिसत नव्हतं असं नाही. पण गोळ्या गरम पडत असतील, ऊन बाधत असेल, असं काहीतरी ती स्वतःच्या मनाला सांगे आणि मनही आज्ञाधारकपणे ऐके.

मग गादीचं कापड बेतायचा दिवस आला. गाद्या, उशा, पडदे हे तिचं काम. गळ्यात टेप टाकून ती पेटाऱ्यात चढली. बिछान्याची चौकट डावीकडच्या भिंतीला होती आणि तिच्या पायथ्याशी त्याने एक उभं कपाट केलं होतं. त्याच्या दोन्ही दारांवरच्या रेषा एकमेकींना अशा जुळवलेल्या की एकच फळी वाटावी. तिने टेप लावली. पाच फूट तीन इंच. दुसऱ्या टोकाकडून लावली. पाच फूट तीन इंच. रुंदी सव्वादोन फूट.

ती खुदकन हसली. “अहो! चुकलात तुम्ही. जन्मात पहिल्यांदा चुकलात! पाय कुठे ठेवणार? खिडकीबाहेर?”

तो दाराशी पायरीवर बसला होता. मागे न वळता म्हणाला, “चुकलो नाही.”

“अहो, पाच-तीन आहे हे. तुम्ही सहा-एक.”

टाचणी टेप हातात धरून उभी होती. तिने ओट्याकडे पाहिलं, खुंट्यांकडे पाहिलं. शिवणाऱ्या बाईला कपडा पाहून कुणाच्या अंगाचा ते कळतं. हा सगळा पेटारा एकाच अंगाच्या मापाने बेतलेला होता आणि ते अंग तिचं होतं. त्यात दुसऱ्या कुणासाठी अर्धा इंचसुद्धा सोडलेला नव्हता. मैदानातल्या त्या सकाळी, सीटवरच्या दोन उशा, सगळं तिच्या डोळ्यांपुढून गेलं.

“किती दिवस सांगितलेत डॉक्टरांनी?”

“तेव्हा सहा महिने म्हणाले होते.”

“म्हणजे आता?”

“दोन. कदाचित कमी.”

“आणि मला पाणी झालंय म्हणून सांगितलंस?” चाळीस वर्षांत पहिल्यांदा तिच्या तोंडून त्याला एकेरी हाक गेली आणि ती तिने मागे घेतली नाही. “माझ्याशी खोटं बोललास तू? समोर बसून, रोज?”

“अगं, ऐक तरी. तूच म्हणायचीस ना, जावयाच्या घरी पाहुणी होऊन राहणार नाही म्हणून? हे घेऊन जा. लेकीच्या अंगणात लाव. नातवंडं समोर, आणि दार तुझं, कडी तुझी. कुणाच्या स्वयंपाकघरात फळीपर्यंत हात पोचला नाही म्हणून उभं राहायला नको.”

“लेकीला माहीत आहे हे?”

तो खाली पाहत राहिला. म्हणजे लेकीला माहीत होतं, जावयाला माहीत होतं. एकटी तीच रोज सकाळी आनंदाने गिअर बदलत होती. ती पायरी उतरून त्याच्या अंगावरून घरात गेली आणि मशीनवर बसली. एक शिवण घातली, उसवली, पुन्हा घातली. दोन दिवस तिने त्याला ताट वाढलं, गोळ्या दिल्या, पण तोंडातून शब्द काढला नाही. त्याच्यापेक्षा तिला स्वतःचाच राग जास्त येत होता. त्याचे शर्ट दोनदा आत घेऊन शिवले होते तिने या वर्षात. माप तिच्या हातात होतं आणि तिने ते वाचलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी पेटाऱ्यातून ठोकाठोकी ऐकू आली. बॉडीवाला भिंत धरत धरत मागे आला. टाचणी त्या उभ्या कपाटावर हातोडी चालवत होती.

“अगं, काय करतेस!”

“जागा काढते. हे चौदा इंच आहे. पाच-तीनमध्ये मिळवा आणि सांगा किती होतात.”

“पॉलिश राहिलंय त्याचं नुसतं. महिना गेलाय माझा त्यात.”

“गेला तर गेला. मला एकटीच्या बिछान्यात बसवून पाठवता? आपण दोघं जायचं ठरलं होतं. आठ दिवस मिळोत नाहीतर चार. मी कपाटाशेजारी नाही झोपणार रात्री, तुमच्याजवळ झोपणार.”

ती रडत होती आणि हातोडी थांबत नव्हती. तो दारात टेकून बघत राहिला. त्याच्या हातचं शेवटचं काम होतं ते, हे दोघांनाही माहीत होतं. जरा वेळाने त्याचा आवाज आला, “तिथे नको मारू. आधी वरचे दोन स्क्रू काढ. नाहीतर भिंतीचं प्लाय फाटेल.”

त्यानंतर अकरा दिवस हात तिचे होते आणि डोकं त्याचं. तो उशीला टेकून दारात बसायचा आणि ती करवत चालवायची. पहिली फळी तिने इतकी तिरकी कापली की तो खोकता खोकता हसला. “जन्मभर कापड कापलं आणि एक सरळ रेघ कापता येऊ नये?”

“कापड गप्प पडून राहतं. तुमच्यासारखं मधे मधे बोलत नाही.”

बिछाना सहा फूट पाच इंच झाला. रुंदी वाढवायला त्याने सांगितली तशी खालून ओढायची सरकती फळी बसवली. ती अडकायची, मग तिने कडांना मेण चोळलं. जाड निळ्या कापडाची गादी तिने एका दिवसात शिवली. कारखान्यातले दोन जुने सोबती येऊन जॅक लावून पेटारा ट्रकच्या पाठीवर चढवून गेले. निघताना त्यांनी बॉडीवाल्याचा हात हातात धरला तो बराच वेळ सोडला नाही. गुरुवारी सकाळी निघायचं ठरलं. लेकीचं घर दोन दिवसांच्या वाटेवर होतं.

बुधवारी त्याला उभं राहता येईना. बसला तरी धाप लागायची. उशांवर उंच टेकून पडला तरच श्वास पुरायचा. डॉक्टर येऊन गेले. त्यांनी जाऊ नका असंही म्हटलं नाही. बॅग बंद करताना ते टाचणीच्या नजरेला नजर देत नव्हते.

“मी मागे पडून येतो,” तो म्हणाला. “तू चालव. येतंय तुला आता.”

टाचणी अंगणात जाऊन ट्रकभोवती एक फेरी मारून आली. मग ती स्टुलावर मटकन बसली. करवत चालवताना, मेण चोळताना, गादीला शेवटची शिवण घालताना एक साधी गोष्ट तिच्या लक्षात आली नव्हती. बिछाना दोघांचा झाला होता, पण गाडी चालवायला कुणीतरी पुढे हवंच. ती पुढे, तो मागे, मधे पत्रा आणि काच. त्याचा श्वास थांबला तर तिला ते पुढच्या थांब्यावर कळणार. दोघांनी जायचं म्हणून तिने त्याचं कपाट फोडलं होतं आणि जायचं म्हटलं तर जवळ राहता येत नव्हतं.

गुरुवारी सकाळी शेजारच्या मेकॅनिकने आणि तिने मिळून त्याला पेटाऱ्यात आणलं, निळ्या गादीवर ठेवलं. पाय लांब करून तो म्हणाला, “पुरतंय.” तिने उशा लावल्या, दोन्ही खिडक्या उघडल्या, पाण्याचा तांब्या ओट्यावर ठेवला. मग ती उतरून पुढे गेली, दोन उशांवर चढून बसली आणि किल्ली फिरवली. इंजिन सुरू झालं. तिने हँडब्रेक तपासला, गिअर हलवून पाहिला, तो मोकळाच होता. ती तशीच खाली उतरली, मागे आली, दार लावून घेतलं आणि सरकती फळी ओढून त्याच्या शेजारी आडवी झाली.

बिछाना थरथरत होता. ओट्यावरच्या भांड्यांचा बारीक आवाज येत होता. त्याने डोळे मिटले होते. चाळीस वर्षं ट्रकमध्ये काढलेला माणूस तो, नुसत्या आवाजावरून इंजिनाला काय झालंय ते सांगणारा. उभी गाडी आणि चालती गाडी यांतला फरक त्याला कळणार नाही, असं होणंच शक्य नव्हतं. टाचणीला भीती वाटली की आता तो डिझेल जळतंय म्हणून ओरडेल.

“कुठवर आलो गं?” त्याने विचारलं.

तिने खिडकीतून पाहिलं. भिंत होती, कपडे वाळत घालायची दोरी होती, भिंतीशी कपाटाची दारं टेकवून ठेवलेली होती.

“नदी ओलांडली आत्ताच,” ती म्हणाली.

“पाणी आहे?”

“भरपूर आहे.”

“घाट लागेल आता. दुसरा गिअर टाक आणि घाई करू नकोस.”

“नाही करत.”

त्याने तिचा हात शोधून धरला. “लेकीकडे पोचायला किती वेळ आहे?”

“अजून खूप लांब आहे,” ती म्हणाली. तिच्या डोळ्यांतलं पाणी वाहून कानात शिरत होतं आणि पुसायचं म्हटलं तर हात सोडवावा लागला असता. “तुम्ही झोपा. मी आहे जागी.”