मोहाचा डोंगा आणि मरळीची पिल्लं

"तळ्या तळ्या, पोट भर, माझ्या लेकराचं घर भर!"

मला पहिल्यांदा पाण्यात लोटलं, तेव्हा लहानूची आई तलावाच्या बांधावर, पाळीवर उभी राहून हे गात होती. तो आवाज अजून माझ्या लाकडात आहे. मित्रांनो, मी एक जुना डोंगा आहे. आरमोरीकडच्या तलावावरचा, मोहाच्या एकाच खोडातून कोरलेला.

लहानू ढिवर मला हाकायचा. मरळ, शिंगी माझ्या पोटात उसळायच्या आणि गाव म्हणायचं, "लहानूचा डोंगा लय पायगुणाचा!" पुढं घरात सून आली, सीता. एकदा म्हणाली, "मामाजी, मले बी बसू द्या ना डोंग्यात!" आमच्याकडे बायका मासोळी विकतात, डोंग्यात पाय ठेवत नाहीत. लहानूनं हाकायचा बांबू उचलला आणि मला एकट्यानंच पाण्यात नेलं.

मग काठावर बेशरमाची झुडपं माजली. त्यांच्या दाटीत पाण्याखालची हिरवळ मेली, मासे सरले. मी पाळीवर पालथा पडलो. कोंबड्या माझ्याखाली अंडी घालू लागल्या.

"चुलीत घालतो याले," लहानू म्हणाला.

"दोन पावसाळे थांबा," सीता म्हणाली.

त्या उन्हाळ्यात तिनं गावातल्या बाया जमवल्या. त्यांनी बेशरम मुळासकट उपटलं. शेजारच्या तलावातून ओल्या पोत्यांत पाणगवत आणलं आणि धानाची रोवणी करावी तसं चिखलात लावलं.

लहानू हसला. "एक गवत उपटते, दुसरं लावते! मच्छी काय बैल हाये का?"

"मच्छीचं घर बांधून राह्यली, मामाजी. घर नाई तं पाहुणा येईन कुठी?"

पहिला पावसाळा रिकामा गेला. लहानूनं कुऱ्हाडीला धार लावली, सुनेकडे पाहिलं, आणि कुऱ्हाड परत टांगली.

दुसरा पावसाळा ओसरता ओसरता त्यानं माझ्या भेगांत डांबर भरलं आणि मला पाण्यात लोटलं.

मित्रांनो, काय सांगू! माझ्याखाली जंगल उभं होतं. ऊन पार तळापर्यंत उतरलं होतं आणि हिरवे देठ हळूहळू डुलत होते. तेवढ्यात शेंदरी पिल्लांचा झुबका वर आला. सगळी मिळून एकच श्वास घेत होती जणू. त्यांच्याखाली मरळ माय, माझ्यासारखीच लांब, काळी, पहाऱ्याला थांबलेली. लहानूचं जाळं हातातच राहिलं.

तळ्यातलं गवत कचरा म्हणून उपटाल, मित्रांनो, त्याआधी एकदा वाकून पाहा. तिथं कुणाचं तरी घर असतं.

लहानूनं मला काठाला आणलं. सीता घोटाभर पाण्यात उभी होती. त्यानं हातातला बांबू तिच्यापुढं धरला.

"बस, बाई," तो म्हणाला. "डोंग्यात बस."